चार माणसांच्या घरात पाच आकडे

१

मुलांनो, डोळे मिटा आणि मी सांगतो तसं एक कपाट मनात उभं करा. सागवानी, माणसाच्या छातीएवढं उंच, पितळी कड्यांच्या खणांचं. एक खण ओढलात तर आत तळहाताएवढी, जाडसर कार्डं एकामागे एक उभी, आणि एकेका कार्डावर एकेक माणूस. नाव, वय, पूर्वीचं घर, आता राहतं कुठे. अख्खं गाव त्या लाकडात मावलेलं.

आता अशी कल्पना करा, की त्यातलं एक कार्ड तुमच्या सख्ख्या बहिणीचं आहे. तिचा चेहरा तुम्हांला आठवत नाही. ती कुठे आहे ठाऊक नाही. गेल्या शनिवारी तिचं नाव शाईनं लिहिलेलं तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत, आणि आठवडाभर ती दोन अक्षरं मनातल्या मनात गिरवलीत. आज पुन्हा आलात, खण ओढला, आणि ते कार्डच जागेवर नाही.

उंब्रजच्या अंजनाचं नेमकं असंच झालं.

शहात्तर सालातला मार्च होता, शिमगा होऊन गेलेला. साताऱ्यात एका शिंप्याच्या दुकानामागे आधार मंडळाची खोली होती. सदुसष्टच्या भूकंपात कोयनानगरची जी माणसं चहूकडे विखुरली, त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, एवढंच त्या मंडळाचं काम. अंजना तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. आईवडील त्या पहाटे गेले. पंधरा वर्षांची थोरली बहीण लीला हिला लांबचे एक मामा सांगलीकडे घेऊन गेले, आणि अंजनाला तिच्या आत्यानं, राहीबाईनं, उंब्रजला आणलं. पुढे मामा वारले आणि लीलाचा मागच लागेना. अंजनाला तिची एकच गोष्ट आठवायची. केस विंचरताना गुंता निघाला, की मागून कुणीतरी मानेवर हळूच फुंकर घालायचं. आत्या कधी फुंकर घालत नसे. म्हणजे ती लीलाच.

"लीला राजाराम लावंडे," हंबीरराव सुभेदार पुटपुटत कार्डं मागे टाकत होते. त्यांची सगळी हयात फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलेली, आता हे कपाट त्यांच्या ताब्यात. अचानक त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"पोरी," ते म्हणाले, "कार्ड न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"म्हंजी कुणीतरी न्हेलं."

दाराशी बसलेल्या राहीबाईनं पदर सावरला. "चल बाई. आपल्या नशिबात न्हाई, त्याला कोण काय करणार? साडेबाराची यष्टी घावंल."

पण अंजना हलली नाही. खणाच्या तळातून सगळ्या कार्डांना ओवत एक बारीक पितळी सळई गेली होती. त्या सळईला पांढरं काहीतरी चिकटलं होतं. तिनं वाकून पाहिलं. कार्डाचा फाटका कोपरा होता तो.

२

खोलीत आणखी दोघं होते. लालासाहेब हे मंडळाचे अध्यक्ष. कडक इस्त्रीची टोपी, कापडाची पेढी, आणि कपाटाला पैसे आपण दिले हे दर भेटीत ऐकवायची सवय. दुसरा नानासो, मंडळाचा कारकून. अक्षर मोत्यासारखं आणि लक्ष खिडकीबाहेर.

"मी म्हणत होतोच," लालासाहेब गरजले. "ही कार्डं म्हणजे पत्त्यांचा डाव! एक जाडजूड वही करा, नावं लिहा, संपलं. प्रत्येक माणसाला आकडा कशाला? आपण काय तुरुंग चालवतो?"

"साहेब, ह्या खणात सयाजी किती हायेत, सांगा बघू," हंबीरराव म्हणाले.

"असतील चार-सहा."

"मुठीत धराय गेलं तर मूठ मिटत न्हाई. त्यातल्या एकाची आई माझ्यापुढं बसून रडली, तर तिला कंचा सयाजी काढून देऊ? फौजेत आमी नावाला कवाच हात घातला न्हाई. नंबर बोल, म्हणायचं. एक नंबर, एक जवान."

अंजनाला त्यांनी जवळ बोलावलं. चोरीच्या चौकशीआधी चोरी कशाची झाली ते नीट समजून घ्यावं, अशी त्यांची रीत होती.

"हे बघ. ह्या वरच्या चार खणांत माणसं. माणसाच्या कार्डावर त्याचा आकडा, त्याचं नाव, आन् तो कोयनेला कुठल्या घरात ऱ्हायचा त्या घराचा आकडा. हा खालचा खण घरांचा. घराच्या कार्डावर त्या घरातल्या माणसांचे नुसते आकडे. नावं न्हाईत."

"का न्हाईत?"

"एकच गोष्ट दोन जागी लिहिली, की एका जागी खोडली जाती आन् दुसऱ्या जागी तशीच ऱ्हाती. मग खरी कुठली? म्हणून नाव एकदाच, नावाच्या कार्डावर. बाकी सगळीकडं आकडा. आकड्याचं बोट धरून ह्या खणातनं त्या खणात जायचं. रिटायर व्हायच्या आधी आमच्या हापिसात एक कॅप्टनसाहेब आले हुते, ते ह्याला डेटाबेस म्हणायचे. तिकडं आता मशिनीत भरत्यात, म्हणं. लाकूड असू दे न्हाईतर मशीन, तऱ्हा तीच."

"आन् मशिनीतलं कार्ड कोण काढतं?"

"तिथं बी कारभारी लागतो. कुणी काय बघायचं, कुणी लिहायचं, कुणी खोडायचं, हे त्यानं ठरवायचं. त्याला लांबलचक इंग्रजी नाव हाय, डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम. आपुन कारभारी म्हणू."

अंजनाला हसू फुटलं. "आवं आजोबा, कारभारी तर बाया नवऱ्याला म्हणत्यात!"

"मग? मला ह्या कपाटाचा नवरा समज. त्याच्या मर्जीबिगर खण उघडत न्हाई." हंबीररावांचा चेहरा एकदम उतरला. "गेल्या शनवारी मात्र उघडला. मीच बाहेर गेलतो."

३

गेल्या शनिवारी घडलं होतं ते असं. अंजना आणि आत्या पहिल्यांदाच आल्या होत्या. शाळेतल्या बाईंनी मंडळाचं नाव सांगितल्यापासून अंजनानं राहीबाईच्या मागे लकडा लावला होता. अंजनाचं कार्ड खणात होतंच. दोन वर्षांची असताना भूकंपानंतरच्या छावणीत कुणीतरी लिहिलेलं. पत्त्याच्या जागी फक्त 'आत्याकडे, गाव ठाऊक नाही' असं होतं. हंबीररावांनी तिथे उंब्रज लिहिलं. मग त्यांनी लीलाचं कार्ड शोधून अंजनाला दाखवलं, त्यावरही 'मामांकडे, सांगलीकडे' एवढंच होतं, आणि जागा पुन्हा लगेच सापडावी म्हणून शिंप्याकडची एक लाल चिंधी त्या कार्डावर दुमडून ठेवली. कारण पुढचं काम, घराच्या कार्डावरून माग काढायचं, त्या दिवशी होण्यासारखं नव्हतं. घरांच्या खणाला कसर लागली होती, आणि त्यातली सगळी कार्डं अंगणात सतरंजीवर उन्हात पसरली होती.

"ये, तुला घरं दाखवतो," असं म्हणून ते अंजनाला अंगणात घेऊन गेले. खण उघडा राहिला.

"तवा खोलीत कोण हुतं?" हंबीररावांनी आता विचारलं.

"मी होतो," लालासाहेब म्हणाले. "पाच मिनिटं. तुम्ही नव्हता म्हणून चिडून निघून गेलो."

"साहेब, रागावू नका, एक इचारतो. कार्ड काढायचं तर कसं काढता?"

"मला शिकवता? ही सळई मीच मुंबईहून आणवली." लालासाहेबांनी खणाच्या तोंडाशी असलेली पितळी चकती दोन बोटांनी फिरवली, सळई ऐटीत बाहेर ओढली आणि एक कार्ड अलगद उचलून दाखवलं. "असं!"

"आन् तू, नानासो?"

नानासोच्या कपाळावर घाम जमला होता. "मी… मी येऊन-जाऊन होतो. चहा सांगायला गेलो. मला सांगलीच्या त्या कार्डाचं काही माहीत नाही."

"सांगली? सांगलीचं नाव मी काढलंच न्हाई अजून."

नानासोनं जीभ चावली. लालासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "सापडला! बघा, कसा पांढरा पडला तो!"

"नाही साहेब, देवाशप्पथ! ह्या लीलाचं कार्ड मी पाहिलंही नाही. मी दुसऱ्याच एकीचं म्हणत होतो. ते माझं मला नीट आठवत नाही, म्हणून भीती वाटली."

"कोण दुसरी?"

नानासो टेबलावरची दौत उगाच सरकवायला लागला. हंबीररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सळईवरच्या फाटक्या कोपऱ्याकडे. त्यांनी तो कोपरा काढून रुमालात ठेवला.

"चिंधी बी न्हाई," अंजना हळूच म्हणाली.

"व्हय. ते म्या बी बघितलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चोराचं नंतर बघू. आधी तुझ्या बहिणीचं. चोरानं नावाचं कार्ड न्हेलंय. खालचा खण त्याच्या डोक्यात बी आला नसंल."

राहीबाईनं मान वर केली. "म्हंजी? कार्ड गेलं तरी घावती व्हय?"

"माणूस येका कार्डात मावतं का, बाई?" हंबीरराव म्हणाले, आणि त्यांनी खालचा खण ओढला.

४

अंजनाच्या कार्डावर तिचा आकडा होता दोनशे चौदा, आणि घराचा आकडा सत्तेचाळीस. घरांच्या खणात सत्तेचाळिसावं कार्ड निघालं. सुकून जरासं वाकलं होतं. त्यावर आकडे, एकाखाली एक.

"वाच," हंबीरराव म्हणाले.

"दोनशे अकरा. दोनशे बारा. दोनशे तेरा. दोनशे चौदा."

"दोनशे अकरा तुझा बाप, राजाराम. बारा तुझी आई. त्यांची कार्डं मी बघितल्यात, कडेला काळी रेघ हाय त्यांच्या. चौदा तू. मग तेरा?"

"लीलाक्का!" अंजनाचे डोळे चमकले. नाव चोरीला गेलं होतं, तरी तिची जागा इथे राखलेली होती. आईच्या आणि तिच्या मधोमध.

"छावणीत येका रांगंत लिहिलं, म्हणून लागोपाठ आकडे," हंबीरराव म्हणाले. "आता बघू…"

"आजोबा, अजून एक हाय."

"कुठं?"

"खाली. निळ्या शाईचा. अकराशे तीस."

हंबीररावांनी कार्ड खिडकीपाशी नेलं. लालासाहेबही खुर्ची सोडून आले. चार आकडे काळ्या शाईत, फिकट झालेले. पाचवा निळा, ताजा, मोत्यासारख्या अक्षरात.

"तुमच्या घरात आजून कोण ऱ्हायचं का? आजी? पाव्हणा?" हंबीररावांनी राहीबाईला विचारलं.

"न्हाई. माझा भाऊ, भावजय आन् दोन पोरी. चारच." राहीबाई जमिनीकडे बघत म्हणाली.

चार माणसांचं घर, आणि माणसं पाच. त्यातली दोन मेलेली, एक समोर उभी, एक हरवलेली. मग ही पाचवी कोण?

५

आता एक अडचण झाली. वरच्या खणांत माणसं नावाच्या बाराखडीनं लावलेली होती, कारण येणारा माणूस नाव घेऊनच येतो. पण हातात होता नुसता आकडा. आकड्यावरून नाव काढायचं तर एकच वाट होती, कार्डन् कार्ड उलटायचं.

"एक खण मला द्या," लालासाहेब टोपी काढत म्हणाले. कुतूहलानं त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. नानासोनं एक घेतला, हंबीररावांनी एक, आणि शेवटचा अंजनाच्या मांडीवर आला.

किती माणसं! तिनं एकेक कार्ड मागे टाकायला सुरुवात केली. दहिवडीला गेलेला सुतार. मिरजेला नर्सबाईंकडे राहिलेलं पोर. मुंबईला गिरणीत लागलेले दोघे भाऊ. कडेला काळी रेघ. पुन्हा काळी रेघ. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी कुणालातरी विचारायला आल्याची नोंद. एवढी सगळी माणसं एकमेकांना शोधताहेत, आणि एकाच खणात, दोन बोटांच्या अंतरावर उभी आहेत.

तिचं बोट थांबलं.

"शेवंता सदाशिव आवटी," तिनं मोठ्यानं वाचलं. "आकडा अकराशे तीस. वय बावीस. सांगली, हळदीच्या वखारींमागं. पूर्वीचं घर…" तिनं ओळीवर बोट टेकवलं. "सत्तेचाळीस. चौकशी कुणाची, तर… अंजना."

शिंप्याचं मशीन तेवढं पलीकडे खडखडत होतं.

"शेवंता कोण?" अंजना म्हणाली. "मला कुणी शेवंता ठावं न्हाई."

"लबाडी!" लालासाहेब म्हणाले. "भूकंपग्रस्तांना काही मिळतं असं ऐकून कुणीतरी खोटं घर लावलं असणार."

नानासोला आता कंठ फुटला. "साहेब, दोन वर्षांपूर्वी ह्याच बाई आल्या होत्या. बरोबर सासू होती. मी विचारलं, नाव? सासू म्हणाली, शेवंता. मी खणात पाहिलं, शेवंता नव्हती. म्हणून नवीन कार्ड केलं, नवीन आकडा घातला. त्या आणखी काही सांगणार होत्या, पण सासूला गाडीची घाई होती. अंजनाच्या कार्डावरून घर सत्तेचाळीस लिहिलं, पण त्यावर पत्ताच नव्हता. दारात थांबून म्हणाल्या, कळलं तर कळवा हं. मी हो म्हणालो. आणि विसरलो."

"ही बाई म्हणती ह्या घरातली, आन् घरात शेवंता न्हाई," हंबीरराव कपाळ चोळत म्हणाले. "एका नावाचे दहा जवान म्या बघितले. त्यावर तोड आमच्याकडं हाय. पर हे काय तरी निराळंच झालं. हे मला उलगडंना."

अंजनानं ते कार्ड खाली ठेवलं. आठवडाभर सांभाळलेलं सगळं अवसान गळालं, आणि ती आवाज न करता रडू लागली. तिला लीला हवी होती. शेवंता नव्हे.

राहीबाईनं दाराबाहेर पाहिलं, मग भिंतीकडे, मग पोरीकडे. तिच्या तोंडून जे निघालं ते जणू कुणीतरी आतून ओढून काढल्यासारखं निघालं.

"सुभेदार, तुमी फौजंत बाया मोजल्या न्हाईत कधी."

"आं?"

"पुरुषाचं नाव पाळण्यात ठेवलं की सरणावर जाईस्तवर तेच. बाईचं तसं असतं व्हय? लगीन लागलं की ताटात तांदूळ पसरत्यात, आन् नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिव्हतो. दुसऱ्या दिवसापास्नं सासरी त्याच नावानं हाका. मला आज राही म्हणत्यात. माहेरात मी ठकू हुते. माझा भाऊ गेला, तवापास्नं ठकू म्हणून हाक मारणारं कोण ऱ्हायलं न्हाई." तिनं नाक पुसलं. "सासूनं नाव सांगितलं. सासू सासरचंच नाव सांगणार. शेवंता म्हंजीच लीला हाय, पोरी. दोघी न्हाईत. येकच हाय."

हंबीररावांनी त्या दोन आकड्यांवरून बोट फिरवलं. दोनशे तेरा. अकराशे तीस. मग ते खाली बसले, आणि स्वतःशीच हसले. "एक माणूस, दोन नावं, दोन आकडे. व्वा रं माझा कारभार!"

६

"पण चोर?" लालासाहेब म्हणाले. "तो राहिलाच की!"

"त्यात काय ऱ्हायलंय," हंबीरराव म्हणाले. "साहेब, तुमी न्हाई. तुमी कार्ड काढलं असतं तर चकती फिरवून काढलं असतं. नानासो बी रोज तसंच काढतो. हे फाडून काढलंय. ज्याला चकती ठावं न्हाई, त्यानं. दुसरं, चिंधी बी गेली. ज्याला वाचता येतं तो 'लीला' वाचून कार्ड धरंल, चिंधी बाजूला टाकंल. ज्याला वाचता येत न्हाई…"

ते मध्येच थांबले. त्यांनी राहीबाईकडे पाहिलं नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला लागले. "जाऊ द्या. पोरीचं काम झालं. आपुन पोलीस न्हाई."

पण अंजनाला पुढचं दिसत होतं. ज्याला वाचता येत नाही, तो लाल चिंधी बघून कार्ड ओळखेल आणि दोन्ही एकदम ओढेल. ज्याला कपाट ठाऊक नाही, त्याला वाटेल, नावाचं कार्ड नेलं की माणूसच संपलं. आणि गेल्या शनिवारी ती आजोबांबरोबर अंगणात उन्हात पसरलेली घरं बघत होती, तेव्हा 'माझं गुडघं दुखत्यात, तुमी जावा' असं म्हणून आत बसून राहिलं होतं कोण?

ती उठली. आत्याच्या शेजारी जाऊन बसली, अगदी चिकटून.

राहीबाईनं लुगड्याच्या ओच्यात हात घातला. कार्ड घामानं मऊ पडलं होतं, चिंधी अजून त्यावर होती.

"सांगलीला मी येकदा गेले हुते," ती म्हणाली. "ही चार वर्साची असंल तवा. लीला लावंडे हाय का, लीला लावंडे हाय का, आसं इचारत फिरले. न्हाई म्हणाले. खरं सांगू का? मला बरं वाटलं. परत येताना यष्टीत ही मांडीवर निजली हुती आन् मला बरं वाटलं. मला लेकरू न्हाई, सुभेदार. त्या भूकंपानं सगळ्यांचं न्हेलं. मला मातुर दिलं. गेल्या शनवारी ते नाव वाचून हिचं तोंड कसं झालं ते तुमी बघितलं न्हाई. मी बघितलं. वाटलं, आता ही जाणार."

"मग आज सांगितलंस कशाला?" अंजनानं विचारलं.

"तू रडाया लागलीस न्हवं."

लालासाहेबांनी घसा खाकरला, टोपी घातली, पुन्हा काढली. त्यांना काहीतरी कडक बोलायचं असावं, पण ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"चूक माझी," हंबीरराव म्हणाले. "कारभारी म्हणवून घेतो आन् खण उघडा टाकून उन्हात हिंडतो. बाई, कार्ड द्या इकडं." त्यांनी फाटका कोपरा डिंकानं जागेवर चिकटवला. मग अकराशे तीस हा आकडा घराच्या कार्डावरून एका रेघेनं खोडला, आणि टाक अंजनापुढे धरला. "दोन कार्डांचं येक करायचं. आकडा जुना, दोनशे तेरा. जन्मनाव येका ओळीत, सासरचं दुसऱ्या. आन् नानासो, आजपास्नं हरएक बाईला दोन्ही नावं इचारायची. सासूला गाडीची घाई असली तरी."

अंजनानं लिहिलं. लीला. खाली शेवंता. पत्ता लिहिताना तिच्या लक्षात आलं, की अशी दोन नावांत हरवलेली माणसं त्या खणांत आणखी किती असतील. पण ते हंबीररावांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी पहिला खण पुन्हा पहिल्यापासून उघडला होता.

७

दुसऱ्या दिवशी रविवार. सांगलीला एसटीतून उतरल्या, तेव्हा ऊन तापलं होतं. वखारींच्या मागच्या गल्लीत पाऊल टाकलं तर जमीनच पिवळी. शिजवलेली हळद दारोदार वाळत घातलेली, आणि हवेत तिचा उग्र, ओला वास.

"शेवंता आवटी व्हय?" शेजारणीनं सुपातून मान वर केली. "धुणं घिऊन नदीला गेलीया. यील एवढ्यात. बसा की."

घर उघडंच होतं. आत सासू भिंतीला टेकून डुलकी घेत होती. ओट्यावर एक लहानगं पोर बसलं होतं. वर्ष-दीड वर्षाचं, उघडं, कमरेला करगोटा, कोपरापर्यंत हात हळदीनं पिवळे. अनोळखी माणसं बघून त्यानं आधी ओठ काढले आणि मग भोकाड पसरलं. आई, आई.

राहीबाई ओट्याच्या कडेला टेकली. "बस पोरी. यील ती. आता पळून जात न्हाई." बोलताना तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. आपण इथवर आलो, आता पुढे आपलं काय काम, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

अंजना बसली नाही. आठ वर्षं बसून काढली होती. ती त्या रडणाऱ्या पोराकडे बघत राहिली. रडताना त्याच्या हनुवटीला खळगा पडत होता. अंजनाच्याही पडतो, असं उंब्रजात सगळे म्हणत. हा आपला भाचा. याला आपण कोण ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही.

तिनं वाकून त्याला काखेखाली धरलं आणि कडेवर घेतलं. ते आणखी जोरानं रडलं. पिवळे हात तिच्या परकराला, पोलक्याला, गालाला लागले. तिनं ते पुसले नाहीत.

"नदी कुणीकडं?" तिनं शेजारणीला विचारलं.

"ही गल्ली सरळ खाली. पर आगं, यील ती…"

अंजना चालूही लागली होती. चार पावलांवर ती थांबली आणि वळली.

"आत्या, ऊठ की. मला एकटीला काय बोलावं ते सुचायचं न्हाई."

राहीबाई उठेपर्यंत ती थांबली. मग पोराला कडेवर नीट सावरून, त्याच्या रडण्यापेक्षा मोठ्यानं "आलो, आलो, तुझ्या आईकडंच निघालोय," असं त्याला सांगत, ती उतारानं घाटाकडे निघाली.